एका मेजावरचे दोन उमेदवार

ज्या देशात आगगाडी जन्मली त्या देशात तिच्या लहान प्रतिकृती घडविण्याचा छंदही रुजावा, यात नवल काही नाही. नवल वाटते ते त्या छंदाच्या चिवटपणाचे. ब्रिटिश रेल्वेने १९६८ च्या ऑगस्टमध्ये आपल्या मुख्य मार्गांवरील वाफेच्या इंजिनांना कायमची रजा दिली. त्या इंजिनांच्या भट्टीत फावड्याने कोळसा टाकलेले हात आता फार थोडे उरले. आणि तरीही शनिवार-रविवार आला की इंग्लंडातल्या कुठल्या ना कुठल्या गावी माणसे पितळेचा पत्रा, कानस आणि भिंग घेऊन एकत्र बसतात, आणि आपल्या जन्मापूर्वी मोडीत निघालेल्या एखाद्या इंजिनाचे धुराडे नेमके किती इंच उंच होते, याविषयी दिवाणी दाव्यातील वकिलांच्या निष्ठेने वाद घालतात.

या मंडळींची निवासी शिबिरेही भरतात. शुक्रवारी संध्याकाळी सामानसुमानासह येऊन दाखल व्हावयाचे, एखाद्या जुन्या वास्तूत मुक्काम करावयाचा, आणि रविवारी दुपारी पांगेपर्यंत हातातले इंजिन, डबा किंवा सिग्नल यांपलीकडे जगात काही आहे हे विसरून जावयाचे, असा त्यांचा शिरस्ता. बकिंगहॅमशायरमधील मिसेंडेन ॲबी ही बाराव्या शतकात स्थापन झालेल्या मठाची जागा. तेथे रेल्वे-प्रतिकृतिकारांची अशी शिबिरे वर्षानुवर्षे भरली आहेत. शिबिर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उद्घाटन, अध्यक्षीय भाषण आणि आभारप्रदर्शन उभे राहते. येथे त्यातले काही नसते. ज्याने त्याने आपापले अर्धवट काम आणावयाचे. जाणते मार्गदर्शक मेजामेजांमधून फिरत असतात, आणि विचारल्यावाचून सहसा बोलत नाहीत, हीच त्यांची मोठी योग्यता असते.

अशाच एका शिबिरात पाहुणा म्हणून बसण्याचा योग मला आला. जमलेल्यांत पिकल्या केसांचे प्राबल्य होते, हे सांगावयास नको. निवृत्त अभियंते, बँकेतले अधिकारी, एक दंतवैद्य. या सभेत ज्या मेजाने माझे लक्ष वेधून घेतले, त्या मेजावर भूगोल शिकविणारा एक शाळामास्तर आणि त्याची बारा वर्षांची मुलगी अशी दोघे एकाच इंजिनावर काम करीत होती. मुलगी बापाला मदत करीत होती, असे मी लिहीत नाही. कारण तसे लिहिणे खरे होणार नाही.

बाप आणि मूल यांनी मिळून यंत्र बांधण्याची ही चाल काही आजची नव्हे; खेळण्यांच्या एका मोठ्या उद्योगाचे मूळच तीत आहे. लिव्हरपूलमध्ये मांस आयात करणाऱ्या एका पेढीत कारकुनी करणारा फ्रँक हॉर्न्बी हा गृहस्थ फावल्या वेळात आपल्या मुलांसाठी पत्रा कापून खेळणी तयार करीत असे. प्रत्येक नव्या खेळण्यासाठी नवे भाग कापत बसण्याची यातायात वाचावी, म्हणून त्याने अर्ध्या अर्ध्या इंचावर भोके पाडलेल्या सारख्या पट्ट्या आणि त्या जोडण्यासाठी नट-बोल्ट अशी योजना काढली. आज उभारलेली यारी मोडून उद्या त्याच पट्ट्यांचा पूल करता यावा, हे तिचे मर्म. या कल्पनेचे पेटंट त्याने १९०१ साली घेतले. १९०७ साली तिला 'मेकॅनो' हे नाव मिळाले. १९२० पासून त्याच्या कारखान्यातून किल्लीच्या आगगाड्या बाहेर पडू लागल्या. आणि त्याच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १९३८ साली, जेवणाच्या मेजावर मावेल अशी 'हॉर्न्बी डब्लो' बाजारात आली. मधल्या काळात कारकुनाचा कारखानदार आणि कारखानदाराचा पार्लमेंटचा सभासद झाला होता.

यशस्वी धंद्याने मात्र मूळ हेतूवर एक विपरीत उपकार केला. गाडी तयार मिळू लागल्यावर ती बांधण्याचे कारण उरले नाही, आणि मुलाच्या नावाने विकत आणलेल्या आगगाडीशी वडीलच खेळत बसतात, मुलाच्या वाट्याला 'हात लावू नकोस' एवढा हुकूम येतो, हा प्रकार सुरू झाला. विलायतेत यावर पुष्कळ विनोद झाले आहेत. आपल्याकडेही परदेशातून आलेल्या काकांनी आणलेली गाडी काचेच्या कपाटात कुलूपबंद झाल्याची उदाहरणे ज्याने त्याने आठवून पाहावीत. बांधण्याचे काम या दृष्टीने अधिक न्यायी असते. कपाटात ठेवण्याजोगे काही तयार होईपर्यंत त्यात इतके महिने जातात, की तोवर दोघांचाही त्यावर हक्क शाबीत झालेला असतो.

आता त्या मेजावरच्या इंजिनाविषयी. ते स्टॅफर्डशायरमधील 'लीक अँड मॅनिफोल्ड व्हॅली लाइट रेल्वे' या मार्गाचे होते. रुळांमधील अंतर अडीच फूट, लांबी सुमारे सव्वाआठ मैल, १९०४ च्या जूनमध्ये सुरुवात आणि १९३४ च्या मार्चमध्ये अखेर, असे अल्पायुषी आणि तोट्याचे ते प्रकरण. खोऱ्यातल्या गवळ्यांचे दूध वाहून न्यावे आणि सुट्टीच्या दिवशी सहलीला आलेली माणसे, एवढाच त्याचा व्यवहार. इंजिने दोनच, दोन्ही लीड्सच्या किट्सन कारखान्यातली. परंतु त्यांचे चित्र पाहिल्याबरोबर इंग्रजी डोळ्याला ती परकी वाटतात. दोन्ही बाजूंनी कुंपण घातलेल्या विलायती मार्गावर ज्याचे काही प्रयोजन नाही, असा भला थोरला दिवा त्यांच्या कपाळावर आहे. एकंदर ठेवणच साहेबाच्या मुलखातली नव्हे, तर साहेबाने दूरच्या मुलखासाठी बांधलेल्या यंत्राची आहे. ती तशी का, याचे उत्तर स्टॅफर्डशायरमध्ये सापडत नाही. ते आपल्या बार्शीत सापडते.

या मार्गाचा अभियंता एव्हरार्ड रिचर्ड कॅल्थ्रॉप हा १८८२ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या नोकरीत मुंबई इलाख्यात आला होता. रुंद रुळांची आगगाडी जेथे पोहोचणे परवडत नाही अशा बाजारपेठांना मुख्य मार्गाशी जोडणारे स्वस्त फाटे काढावेत, या विचाराने त्याला पछाडले. अरुंद रूळ म्हणजे दुबळी गाडी, हा त्या काळचा समज त्याने एका साध्या हिशेबाने खोडून काढला: इंजिन असो वा मालडबा, कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडू द्यावयाचा नाही, म्हणजे यार्डाला तीस पौंड वजनाचा हलका रूळही पुरतो आणि मालही भरपूर जातो. गाड्या हिंदुस्थानात रवाना करण्यापूर्वी त्याने लीड्सजवळ न्यूले येथे मुद्दाम रूळ टाकून त्या चालवून दाखविल्या; आणि १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, तेथून बार्शीपर्यंत 'बार्शी लाइट रेल्वे' धावू लागली. पुढे ती पंढरपुरास गेली, १९११ साली लातुरास आणि १९२७ साली मिरजेस पोहोचली. एकंदर पसारा सुमारे दोनशे मैलांचा. १९५४ साली ती सरकारने ताब्यात घेतली, आणि अलीकडच्या काळात तिचे सारे रूळ रुंद झाले. बार्शीच्या यशाने कॅल्थ्रॉपचे नाव झाले, म्हणूनच मॅनिफोल्डच्या खोऱ्यातले काम त्याच्याकडे आले, आणि तेथल्या दोन इंजिनांपैकी एकाला त्याचे नाव देण्यात आले. दुसऱ्याला जागेवर देखरेख करणाऱ्या जे. बी. अर्ल या अभियंत्याचे. कॅल्थ्रॉप पुढे वैमानिकांच्या हवाई छत्रीच्या मागे लागला, अरबी घोडे पाळू लागला आणि घोड्यांवर त्याने ग्रंथही लिहिला, हे सारे विषयांतर आहे. पण माणूस कोणत्या मातीचा होता हे कळावे म्हणून सांगितले.

मॅनिफोल्डची दोन्ही इंजिने मोडीत निघाली. रूळ उखडून झाल्यावर त्या जागी पायी जाणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी वाट झाली, आणि त्या वाटेवरून आईवडिलांबरोबर सायकलने जात असताना या मुलीने एका बोगद्यात शिरल्यावर विचारले होते, की सायकलसाठी कोणी डोंगर कशाला पोखरला असेल? त्या प्रश्नापासून हे इंजिन सुरू झाले. मी सोलापूरच्या बाजूचा आहे आणि माझ्या आजोबांच्या पिढीतली माणसे 'बार्शी लाइट'ने पंढरीच्या वारीला गेलेली आहेत, असे कळल्यावर तिने हातातली कानस खाली ठेवली आणि गाडीला गर्दी किती असे, माणसे टपावर बसत हे खरे काय, अशी माझीच जबानी घेतली.

आता बांधणीकडे वळू. सात मिलिमीटरला एक फूट हे त्यांचे प्रमाण. म्हणजे मूळ वस्तूच्या ४३.५ पट लहान प्रतिकृती. कारखान्यातून येतो तो पुठ्ठ्याच्या खोक्यातला पातळ पितळी पत्रा, आणि त्या पत्र्यात इंजिनाचे सारे भाग बारीक दुव्यांनी अडकवून ठेवलेले असतात. हे भाग कोणी करवतीने कापलेले नसतात. पत्र्याच्या दोन्ही अंगांना प्रकाशाने पालटणारा लेप देऊन त्यावर भागांचे चित्र छायाचित्रासारखे उतरवितात, जेथला लेप निघतो तेथे फेरिक क्लोराइडचे द्रावण पितळ खाऊन टाकते, आणि जेथला राहतो तेथे पितळ शाबूत राहते. यातली खरी चतुराई अशी की, दोन्ही अंगांनी खाल्ले तर पत्रा आरपार कापला जातो, एकाच अंगाने खाल्ले तर अर्ध्याच जाडीपर्यंत चर पडतो. जेथे पत्रा दुमडावयाचा तेथे असा चर आधीच पाडलेला असतो, आणि दुमडताना चर आतल्या बाजूस ठेवावा, हा या विद्येतला पहिला धडा. रिव्हेटांच्या जागी पाठीमागून सुईच्या टोकाएवढे खळगे असतात. पत्रा मऊ लाकडावर पालथा ठेवून प्रत्येक खळग्यात टोचा बसवावयाचा आणि हातोडीचा हलकासा ठोका द्यावयाचा, म्हणजे पुढच्या बाजूस रिव्हेटचे डोके उमटते. पाण्याच्या टाकीच्या एका बाजूवर असे रिव्हेट रांगांनी असतात. हे काम मुलीकडे होते. एक ठोका जोरात पडला की पत्र्यास भोक पडणार आणि एक हलका पडला की रांगेत एक डोके ठेंगणे दिसणार. त्यामुळे एकाच जोराचा ठोका शंभरदा देण्याची जी शिस्त त्या मनगटात शिरत होती, ती कोणत्याही उपदेशाने शिरली नसती. बापाने हे काम मागून पाहिले होते, पण त्याचे ठोके एकसारखे पडत नाहीत, असा निवाडा झाल्याने त्याची त्या खात्यातून बदली झाली होती.

भाग जुळवावयाचे ते डाखाने. ज्यांनी गल्लीत बसून कल्हई करणारा पाहिला आहे, त्यांना यातले अर्धे शास्त्र न शिकवता कळेल: भांडे घासून स्वच्छ केल्यावाचून आणि नवसागर टाकल्यावाचून जसे कथील धरत नाही, तसेच पितळेवरही आम्लाचा हात फिरविल्यावाचून डाख पसरत नाही, गोळी होऊन घरंगळतो. राहिलेले अर्धे शास्त्र उष्णतेचे. कथील आणि शिसे यांच्या ज्या मिश्रणाने पत्र्याचे मुख्य सांधे जोडतात, ते १८८ अंशांच्या आसपास वितळते. त्यावर चढवावयाच्या लहान भागांसाठी १४५ अंशांचे मिश्रण वापरतात, म्हणजे दुसरा सांधा करताना पहिला सुटत नाही. आणि धुराडे, घुमट असे जे भाग मऊ पांढऱ्या धातूचे ओतीव येतात, त्यांना तर ७० अंशांनाच वितळणारा डाख लागतो, कारण नेहमीच्या तापलेल्या सळईचा स्पर्श झाला तर धुराड्याचेच पाणी व्हावयाचे. तेव्हा कोणता भाग आधी आणि कोणता मागाहून, हे सारे काम सुरू करण्यापूर्वी ठरवावे लागते. बाप-लेकीने याचा एक तक्ता केला होता. मसुदा बापाचा, दुरुस्त्या मुलीच्या. आणि शनिवारी दुपारी एके ठिकाणी तक्त्याचा क्रम मोडून पुढचा दांडा आधी लावावा, अशी बापाला घाई झाली तेव्हा मुलीने नुसते बोट तक्त्यावर ठेवले.

परंतु इंजिन दिसणे निराळे आणि चालणे निराळे, आणि या छंदातली खरी कसोटी चाकांपाशी असते. मूळच्या इंजिनात दोन बाजूंना दोन सिलिंडर असतात. दट्ट्या आपल्या मार्गाच्या टोकाशी पोहोचला की त्याचा दांडा आणि चाकाचा भुजा एका रेषेत येतात, आणि त्या क्षणी वाफ कितीही ढकलो, चाक फिरविणे त्याला शक्य नसते. म्हणून एका बाजूचा भुजा दुसऱ्या बाजूच्या भुजाशी काटकोनात ठेवतात. एक टोकाशी अडला की दुसरा भर जोरात असतो, आणि गाडी कधी अडून बसत नाही. प्रतिकृतीला वाफ नसते. बारा व्होल्टांची एक लहानशी मोटर दातेरी चक्राकरवी एक आस फिरविते आणि बाकीची चाके बाजूच्या जोडदांड्यांनी ओढली जातात. येथे काटकोन केसभर कमी-जास्त झाला तरी चालतो. पण तो तिन्ही आसांवर तंतोतंत सारखा असला पाहिजे. एक आस जरी किंचित चुकला, तरी दांडे एकमेकांशी भांडू लागतात आणि इंजिन दर फेऱ्याला एकदा लंगडते. मॅनिफोल्डच्या इंजिनात आणखी एक अडचण होती. रूळ अरुंद असल्याने त्याची चौकट चाकांच्या बाहेरून जाते, चाके आत लपतात आणि भुजे आसांच्या बाहेर आलेल्या टोकांवर वेगळे बसवावे लागतात. त्यांना धरून ठेवणारी चाकांची बैठक नसल्याने ते जरा हाताळले की सरकतात.

रविवारी सकाळी त्यांचा सांगाडा प्रथम चाकांवर उभा राहिला. त्यांनी तो एका जाड काचेवर ठेवला, काचेची एक कड वहीच्या जाडीएवढी उचलली, आणि सांगाडा आपल्या वजनाने घरंगळावा म्हणून दोघे श्वास रोखून बसले. तो निघाला, बोटभर गेला, थबकला, पुन्हा निघाला, पुन्हा तेथेच थबकला. बापाने लगेच दांड्याची भोके थोडी मोठी करण्यासाठी रिमर उचलला. हा उपाय नेहमीचा आहे. भोक सैल केले की अडणे थांबते, आणि इंजिन जन्मभर खडखडत राहते. मार्गदर्शक दोन पावलांवर उभा होता, त्याने ते पाहिले, आणि तो काही बोलला नाही. मुलगी म्हणाली, "थांब ना, दांडे काढून बघू या आधी." दांडे निघाले. तिने सांगाडा उजेडाकडे डोळ्यांच्या पातळीत धरला, एक डोळा मिटला, आणि तिन्ही भुजे एकामागे एक रेषेत आणून पाहिले. पहिला आणि तिसरा एकमेकांना झाकत होते. मधल्याची एक बारीक पितळी कड बाहेर डोकावत होती. बापाने चष्मा कपाळावर सरकवून पाहिले, पुन्हा नाकावर घेऊन पाहिले. त्याला ती दिसली नाही. त्याने सांगाडा तिच्या हाती परत दिला आणि पक्कड पुढे केली. मधला भुजा एका झटक्यात फिरला, दांडे पुन्हा चढले, आणि या खेपेस सांगाडा काचेच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेला व तेथून खाली पडू नये म्हणून धावपळ करावी लागली.

पितळ वडीलकी मानत नाही, एवढेच मला या प्रसंगावरून म्हणावयाचे आहे. आपल्या घरांत बाप मुलाला जे काही शिकवितो त्यातले बहुतेक त्याला आधीच येत असते. गणित, सायकल, पोहणे, श्लोक. तेथे एक देणारा आणि एक घेणारा ही वाटणी कायम असते, आणि मूल मोठे होऊ लागले की तीच त्याला जाचू लागते. येथे तसे नाही. नकाशा तिसऱ्यानेच काढलेला, इंजिन दोघांनीही कधी न पाहिलेले, आणि चूक कोणाची हे ठरविणारी काच निर्विकार. बापाकडे धीर असतो, पैसा असतो, तापलेल्या सळईचे भय असते. मुलाकडे बारीक बोटे आणि उघड्या डोळ्यांनी मिलिमीटरचा अंश ओळखणारी नजर असते, जी चाळिशीनंतर कोणत्याही पगारावर परत मिळत नाही. दोघांची गरज दोघांना असते, आणि ती खरी असते. मुलाचे मन राखण्यासाठी निर्माण केलेली नसते. मुलांना या दोहोंतला फरक फार लवकर कळतो. शिवाय हे काम शेजारी बसून करावयाचे असते. समोरासमोर बसून 'शाळेत काय झाले' असे विचारले असता जे उत्तर मिळत नाही, ते कानस चालवीत असताना, मान वर न करता, आपोआप बाहेर पडते. त्या मेजावर इतिहासाच्या परीक्षेची आणि दुरावलेल्या एका मैत्रिणीची हकीकत अशीच बाहेर आलेली मी ऐकली.

सारेच चित्र असे गोड असते, असे मात्र समजू नये. छंदिष्टांचा तपशीलाचा हव्यास कधी कधी सामान्य माणसास घाबरविणारा असतो. त्याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे रुळांच्या रुंदीचा झगडा. युरोपात साडेतीन मिलिमीटरला एक फूट या प्रमाणाच्या गाड्यांसाठी साडेसोळा मिलिमीटर अंतराचे रूळ ठरले. इंग्रजी इंजिने मुळात अंगाने लहान, त्यांच्या पोटात त्या काळची मोटर मावेना. म्हणून इंग्रजांनी गाडी चार मिलिमीटरच्या प्रमाणाने मोठी केली, पण रूळ मात्र तेवढेच ठेवले. परिणामी गाडीच्या मानाने रूळ अरुंद. ही तडजोड ज्यांना सहन झाली नाही त्यांच्यापैकी काहींनी १८.२ आणि काहींनी हिशेबाने अचूक असे १८.८३ मिलिमीटरचे रूळ स्वीकारले, आणि आज या तीन पंथांचे अनुयायी एकमेकांशी अदबीने, पण रोटीबेटी व्यवहार नसल्यासारखे वागतात. बारा वर्षांच्या मुलीला यात रस नव्हता. तिच्या इंजिनाचे रूळ साडेसतरा मिलिमीटर असावयास हवे होते आणि ती साडेसोळाचे वापरीत होती. एका वृद्ध सद्गृहस्थांनी हे तिच्या नजरेस आणून दिले तेव्हा तिने, आपण रूळ रुंद करणार नाही, इंजिनच अंमळ लठ्ठ आहे असे सांगू, असे उत्तर दिले.

पैशाचाही प्रश्न आहेच. असा पितळी संच, चाके, मोटर, हत्यारे हे सारे मिळून खर्च बेताचा होत नाही. परंतु हा छंद श्रीमंतांपुरता राहू नये म्हणून झटणारे लोकही इंग्लंडात होऊन गेले. १८९८ साली पर्सिव्हल मार्शल यांनी 'मॉडेल इंजिनिअर' हे नियतकालिक सुरू केले, आणि त्यात १९२० च्या दशकापासून 'एल. बी. एस. सी.' या टोपणनावाने लिहिणाऱ्या लॉरेन्स नावाच्या कारागिराने खऱ्या वाफेवर चालणाऱ्या, माणसाला बसवून ओढणाऱ्या लहान इंजिनांचे नकाशे वर्षानुवर्षे दिले. परसातल्या खोपटात एक साधा लेथ आणि हाताशी रद्दी धातू, एवढ्यावर कामगाराला इंजिन बांधता यावे, अशा बोलक्या भाषेत तो लिहीत असे. नवशिक्यांसाठी त्याने काढलेले 'टिच' हे चिमुकले इंजिन आजही बांधले जाते. त्याची योग्यता माझ्या मते हॉर्न्बीपेक्षा कमी नाही, जरी एकाचे नाव जगाला ठाऊक आहे आणि दुसऱ्याचे केवळ जाणकारांना.

आपल्याकडे असा छंद अगदीच नाही असे नाही. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभराच्या हौसेतून उभारलेले लघुरेल्वे संग्रहालय १९९८ साली लोकांसाठी खुले झाले. तेथे एका मोठ्या मंचावर लहान प्रमाणातले शहर, सिग्नल, पूल आणि त्यांतून धावणाऱ्या नाना तऱ्हेच्या गाड्या पाहावयास मिळतात. मुलांना घेऊन तेथे जरूर जावे. पण पाहून परत आल्यावर तयार गाडीच्या दुकानाकडे वळण्याची घाई करू नये, अशी माझी वाचकांना सूचना आहे. आमच्या मुलखात विषयांना तोटा नाही. कुर्डुवाडीहून एकेकाळी पंढरपूरला जाणाऱ्या अरुंद गाडीचा डबा, माथेरानच्या गाडीचा डबा, १८५३ च्या १६ एप्रिलला बोरीबंदरहून ठाण्याला गेलेल्या पहिल्या गाडीचा डबा, यांतला कोणताही जाड कागद, बांबूच्या काड्या आणि डिंक यांवर उभा राहू शकतो. आधी डबाच करावा, इंजिन नव्हे. डब्याला मोटर नसते, आणि तो उताराच्या काचेवर घरंगळला की काम झाले. कोणतेही एक प्रमाण ठरवावे आणि मग ते मोडू नये; खिडकीची उंची डोळ्यांनी बरी दिसते म्हणून वाढविण्याचा मोह दोघांपैकी एकाला होईलच.

पितळेपर्यंत मजल गेली, तर तापलेली सळई मुलाच्या हाती देण्यास कचरू नये. पहिल्या दिवशी आपला हात त्याच्या हातावर ठेवावा, दुसऱ्या दिवशी काढून घ्यावा. डोळ्यांना चष्मा घालावा, सळई ठेवण्यास जड बैठक असावी, शेजारी गार पाण्याचे भांडे ठेवावे. आम्लाचा अंश राहिला तर पितळावर हिरवा गंज चढतो, म्हणून रोजचे काम आटोपल्यावर इंजिन ब्रशने घासून पाण्यात धुवावे. आणि डाखात शिसे असते, तेव्हा खिडकी उघडी ठेवावी, त्या मेजावर काही खाऊ नये, आणि जेवायला उठण्यापूर्वी दोघांनीही साबणाने हात स्वच्छ धुवावेत.